मोटारसायकलचा विमा स्वस्त करणे आपल्याच हाती

कापडाच्या धंद्यात मीटरमागे रुपया-आठ आणे सुटावेत म्हणून आपण घाऊक व्यापाऱ्यापुढे तासभर बसतो. घासाघीस हा व्यापाऱ्याचा स्वभाव आहे, त्यात वावगे काही नाही. पण हीच सवय आपण मोटारसायकलच्या विम्यालाही लावतो. एजंटाने कागद पुढे केला की पहिला सवाल एकच, "कमीत कमी कितीत बसेल?" पन्नास रुपये कमी झाले की आपल्याला वाटते, सौदा जिंकला. आमचे म्हणणे असे की, विम्याच्या खर्चाचा खरा सौदा एजंटाच्या टेबलावर होतच नाही. तो वर्षभर रस्त्यावर होत असतो आणि गाडी चालवणारा त्याचा भाव ठरवतो.

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत ज्याच्या दारात मोटारसायकल नाही असे दुकान सापडणे मुश्कील आहे. लोहा, कंधार, अहमदपूर, चाकूर, उदगीर, मुखेड या गावांची उधारी वसूल करणे, आठवडी बाजार गाठणे, शिंप्याकडे कापड टाकणे, तयार माल आणणे, हे सारे तिच्यावरच चालते. गवंडी, सुतार, वेल्डर, फिटर यांची तर हत्यारेही तिच्यावर आणि रोजीही तिच्यावर. म्हणजे मोटारसायकलचा विमा हा कारोबाराचा खर्च आहे. दुकानाचे भाडे आणि विजेचे बिल आपण समजून भरतो, तसा हा खर्चही समजून भरला पाहिजे.

एका पॉलिसीत दोन हिशेब

पॉलिसीच्या कागदावर खाली एकच रक्कम दिसते, पण तिच्यात दोन वेगळे हिशेब असतात. पहिला थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली किंवा कोणी दगावले, तर त्याची भरपाई यातून होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे हा विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये आहे. दुसरा हिशेब आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. चोरी, आग, पूर, टक्कर यासाठीचा हा भाग ऐच्छिक आहे.

थर्ड पार्टीचा दर केंद्र सरकार ठरवते. कोणत्याही कंपनीला तो परस्पर कमी-जास्त करता येत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकानुसार ७५ सी.सी.पर्यंतच्या दुचाकीला वर्षाला ५३८ रुपये, ७५ ते १५० सी.सी.ला ७१४ रुपये, १५० ते ३५० सी.सी.ला १,३६६ रुपये आणि त्यावर २,८०४ रुपये असा दर ठरला; जी.एस.टी. वेगळा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टीचा पाच वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागतो. २०२२ च्या त्याच दरपत्रकात हा पाच वर्षांचा आकडा ७५ ते १५० सी.सी.ला ३,८५१ आणि त्यापुढे ३५० पर्यंत ७,३६५ रुपये होता. म्हणजे शोरूममध्ये पोराच्या हट्टापायी १२५ ऐवजी १६० सी.सी.ची गाडी घेतली की ३,५१४ रुपये पहिल्याच दिवशी जादा गेले. वसुलीला आणि बाजाराला जाणाऱ्या माणसाला एवढे मोठे इंजिन लागते का, हा सवाल खरेदीपूर्वीच विचारावा.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र वेगळा आहे. जानेवारी २००७ पासून त्याचा दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. येथे दोन-तीन कंपन्यांचे भाव विचारण्यात फायदा आहे, आणि चांगल्या चालवणाऱ्याला सवलत मिळते तीही याच भागात.

आपल्या काही भावांना विम्याबद्दल मुळातच शरई शंका आहे. त्यावर बोलणे उलेमांचे काम आहे, आमचे नाही. एवढेच सांगतो की थर्ड पार्टीची सक्ती कायद्याची आहे आणि ती दुसऱ्याच्या हक्काशी निगडित आहे. ज्यांना विम्याशी कमीत कमी संबंध ठेवायचा आहे त्यांनी तेवढा भाग घेतला तरी कायदा पाळला जातो. मात्र मग गाडीचे सारे नुकसान त्यांच्याच खिशातून जाणार, तेव्हा त्यांनी इतरांहून दुप्पट सावध चालवले पाहिजे.

नो क्लेम बोनसचा हिशेब

ज्या वर्षी आपण गाडीच्या नुकसानीचा क्लेम करत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. यालाच नो क्लेम बोनस म्हणतात. हा बोनस फक्त स्वतःच्या गाडीच्या भागावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. एजंट "पन्नास टक्के सूट" म्हणतो तेव्हा ती पूर्ण रकमेवर नसते, हे ध्यानात ठेवावे.

व्यापाऱ्याला आकड्यातच सांगितलेले बरे. समजा या भागाचा हप्ता १,००० रुपये आहे आणि हिशेबाच्या सोयीसाठी तो तसाच राहतो असे धरू. पाच वर्षे क्लेम न केल्यास २००, २५०, ३५०, ४५० आणि ५०० अशी मिळून १,७५० रुपयांची बचत होते. आता पाच वर्षांनंतर कोणी साईड इंडिकेटर आणि मडगार्ड तुटले म्हणून ८०० रुपयांचा क्लेम केला, तर बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात होते. पुढच्या पाच वर्षांत ५००, ३००, २५०, १५० आणि ५० असे १,२५० रुपये जादा भरावे लागतात. शिवाय प्लास्टिक व रबराच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कंपनी आधीच कापते. ८०० रुपये मागायला जाऊन हाती ४००-५०० येणार आणि १,२५० जाणार, असा सौदा आपण दुकानात कधी केला असता का? लहान दुरुस्ती खिशातून करावी आणि मोठ्या नुकसानीसाठी विमा राखून ठेवावा, हा यातला धडा.

दोन गोष्टी आणखी. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले नाही तर साठवलेला बोनस जातो. आणि बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी मोटारसायकल विकताना कंपनीकडून बोनसचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. ते तीन वर्षे चालते आणि नव्या मोटारसायकलच्या हप्त्यावर तीच सूट मिळते. आपल्याकडे गाड्यांची खरेदी-विक्री ओळखीत होते, कागद मागाहून, आणि हे प्रमाणपत्र मागायचे राहूनच जाते.

सर्वांत महाग विमा कोणता?

बचतीचे हे आकडे शेकड्यांत आहेत, हे आम्हीही जाणतो. एवढ्यासाठी कोणी वेग कमी करेल असे नाही. म्हणून दुसरी बाजू पाहू, जिथे आकडे लाखांत जातात.

अपघातात माणूस दगावला तर भरपाई कशी ठरते याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत घालून दिली आहे. समजा महिना १२,००० रुपये कमावणारा, ३० वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा माणूस गेला आणि मागे चार-पाच माणसे त्याच्यावर अवलंबून आहेत. वर्षाचे उत्पन्न १,४४,०००. पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात ४० टक्के मिळवले की २,०१,६००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १,५१,२००. या वयाला १७ ने गुणतात. झाले २५,७०,४०० रुपये, वर आणखी किरकोळ रकमा आणि व्याज. हा बोजा कंपनीने उचलावा म्हणून आपण ७१४ रुपये भरतो. याहून स्वस्त सौदा बाजारात दुसरा नाही.

पण कंपनी तो शेवटपर्यंत उचलेलच असे नाही. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन नसेल आणि मालकाने हे माहीत असूनही गाडी दिली असेल, तर कंपनी पीडिताच्या घरच्यांना पैसे देते आणि नंतर तेच पैसे मालकाकडून वसूल करू शकते. स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हे स्पष्ट केले आहे. अशा वेळी हप्ता भरूनही विमा नसल्यासारखाच. दुकान, घर, माल, सगळे पणाला लागते.

आपल्या बाजारातील तीन सवयी या दृष्टीने तपासण्यासारख्या आहेत. पहिली, मालाची. दुचाकीच्या पॉलिसीत वापराची अट छापलेली असते. नमुने आणि स्वतःचे सामान सोडून मालाची वाहतूक त्यात बसत नाही. साड्यांचे चार गठ्ठे मागे बांधून, हँडलला पिशव्या लटकवून जाणारा माणूस तोल तर घालवतोच, शिवाय क्लेमच्या वेळी कंपनीला आक्षेपाची जागा करून देतो. गठ्ठे ऑटोने किंवा टेम्पोने पाठवावेत, मोटारसायकलवर नमुन्यांची पिशवी पुरे.

दुसरी सवय मागे बसणाऱ्यांची. केवळ थर्ड पार्टीची पॉलिसी असेल तर मोटारसायकलवर मागे बसलेल्या माणसाला तिचे संरक्षण नाही. तिलक सिंग खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने असाच निकाल दिला. सर्वसमावेशक पॉलिसीत ते संरक्षण मिळते. घरच्या मंडळींना मागे बसवून लग्नाला, दवाखान्याला जाणाऱ्यांनी आपली पॉलिसी कोणती आहे हे आजच पाहावे. ट्रिपल सीटबद्दल तर काही बोलायलाच नको.

तिसरी सवय गाडी विकून कागद तसेच ठेवण्याची. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सांगितले की आर.टी.ओ.च्या नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक. गाडी चार हात फिरली तरी अपघाताची नोटीस मूळ मालकाच्या दारी येते. पैसे हाती आले म्हणजे विक्री पूर्ण झाली असे समजू नये. आर.सी. बुकवरचे नाव बदलले म्हणजे विक्री पूर्ण.

दुकानदाराची जिम्मेदारी

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाचा हा आकडा आहे. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवर होती. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशभरात दगावले. दर दहा मृत्यूंपैकी सात वेगाच्या पायी झाले. नांदेड ते लातूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ रुंद झाला तसा वेग वाढला, पण गावातून येणारे फाटे, उलट दिशेने येणाऱ्या गाड्या आणि मोकाट जनावरे तशीच राहिली. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. वसुली करून रात्री परतणाऱ्याला त्या दिसतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. अंधार पडण्याच्या आत परतणे हीसुद्धा विम्याचीच एक अट समजावी.

येथे आम्हाला दुकानदार बंधूंशी थोडे सडेतोड बोलायचे आहे. गाडी दुकानाची, पेट्रोल दुकानाचे, आणि चालवणारा सतरा वर्षांचा पोरगा. "जा, पाच मिनिटांत शिंप्याकडून पँट घेऊन ये, गिऱ्हाईक बसले आहे," असे आपणच सांगतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आणि लग्नसराईत तर हे रात्री बारापर्यंत चालते. तो पोरगा गल्लीतून सुसाट गेला तर दोष त्याचा किती आणि आपला किती? कायद्याने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १९९ अ प्रमाणे अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही.

लायसन असलेल्या मुलाजिमाचाही विचार करावा. पॉलिसीतील १५ लाखांचे अपघात संरक्षण नोंदणीकृत मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचे आहे, आणि तेही लायसन चालू असेल तरच. दुकानातील माणूस चालवत असताना पडला तर त्याला ते लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळी तजवीज हवी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. १८ ते ७० वयाच्या, बँकेत खाते असलेल्या कोणालाही ती घेता येते. चार माणसांचे ८० रुपये दुकानाने भरले तर गल्ल्याला काय फरक पडणार आहे? दुसऱ्याचा मुलगा आपल्या दुकानी येतो तेव्हा त्याच्या घरच्यांनी आपल्यावर भरवसा टाकलेला असतो. ती अमानत आहे.

आमची सूचना साधी आहे. दुकानाच्या खुंटीला दोन हेल्मेट टांगावीत, एक चालवणाऱ्याचे, एक मागे बसणाऱ्याचे. गाडीची किल्ली गल्ल्यात ठेवावी आणि लायसन दाखवल्याशिवाय कोणाला देऊ नये, घरच्या मुलालासुद्धा. मोबाईल वाजला तर गाडी बाजूला थांबवूनच घ्यायचा, हा दुकानाचा कायदा करावा. गिऱ्हाईकाला "पाच मिनिटांत" ऐवजी "अर्ध्या तासात" सांगावे. चांगले गिऱ्हाईक अर्धा तास थांबते. वरातीत किंवा मोठ्या रात्रींना मोटारसायकलींची शर्यत लावणाऱ्या पोरांनाही मोहल्ल्यातील बुजुर्गांनी समज द्यावी. शर्यत आणि वेगाची चाचणी पॉलिसीतून स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे.

कंपन्यांनी आणि सरकारनेही पाहावे

एवढे सांगून झाल्यावर एक तक्रार आम्ही मांडणारच. वीस वर्षे कोणाला खरचटलेसुद्धा नाही असा माणूस आणि महिन्याला एकदा कोणाला तरी धडकणारा माणूस, दोघांकडे १२५ सी.सी.ची गाडी असेल तर थर्ड पार्टीचा हप्ता दोघांना सारखाच. दर इंजिन पाहून ठरतो, माणूस पाहून नाही. सगळ्यांच्या क्लेमचा बोजा सगळ्यांवर वाटला जातो आणि सावध माणूस बेफिकीर माणसाचे पैसे भरतो. उधारी बुडवणाऱ्याला आणि रोख देणाऱ्याला एकच भाव लावणारे दुकान किती दिवस चालेल?

या दिशेने विचार झालेला नाही असे नाही. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून वेगळा हप्ता घ्यावा, अशी शिफारस विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये केली होती. जुलै २०२२ मध्ये गाडी किती चालते व कशी चालवली जाते यावर हप्ता ठरवण्याची परवानगी कंपन्यांना मिळाली, दुचाकींनाही. एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक पॉलिसी घेण्याची सोयही तेव्हाच आली. पण हे सारे स्वतःच्या गाडीच्या भागापुरते. दुकानात दोन-तीन मोटारसायकली असणाऱ्यांनी एजंटाकडे याची चौकशी जरूर करावी.

आमची मागणी पुढची आहे. पाच वर्षे ज्याच्याविरुद्ध कोणाचा दावा नाही आणि गंभीर चलन नाही, त्याला थर्ड पार्टीच्या हप्त्यातही ठळक सूट मिळावी. दंडाने माणूस पोलिसाला चुकवायला शिकतो. सुटीने तो गाडी नीट चालवायला शिकेल. मात्र चलनाची नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची सोय तालुक्याच्या गावी, मराठीत आणि फुकट असली पाहिजे. नाहीतर कॅमेऱ्याने दुसऱ्याच नंबरावर टाकलेल्या चलनापायी गरीब कारागिराचा हप्ता वाढेल. नांदेड आणि लातूरच्या व्यापारी संघटनांनी ही मागणी लेखी पाठवावी. जी.एस.टी.वर निवेदने देता येतात, तर यावर का नाही?

तोवर आपल्या हातातले काम आपण करावे. आज दुकान बंद करण्यापूर्वी पॉलिसीचा कागद काढून पाहा. मुदत कोणत्या तारखेला संपते, नाव आर.सी. बुकाप्रमाणे आहे का, बोनसचे किती टक्के लिहिले आहेत, पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची आहे की सर्वसमावेशक, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाच्या लायसनची मुदत आहे का. रस्त्याकडेला कोणी फारच स्वस्तात कागद दिला असेल तर एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून विमा खरोखर नोंदला आहे का हेही पाहा, कारण खोट्या पॉलिसीचे पीक सगळीकडे आहे. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. त्यातून निघालेली चूक दुरुस्त करायला फार तर एक दिवस लागेल. अपघातानंतर मात्र तीच चूक न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे आपल्यामागे फिरते.